माझ्या चारित्र्याचा दाखला

"पत्रकार साहेब, तुमच्यावर एक केस दिसतीय की ओ."

ठाण्यातल्या गोपनीयच्या हवालदारांचा फोन. आवाजात जरा हसू, जरा संकोच. वीस-बावीस वर्षं मी त्या ठाण्याच्या बाकड्यावर बसून चहा पितोय. रोज सकाळी 'काय विशेष?' म्हणून फोन करतो तो मीच. आणि आज माझ्याच नावापुढे काय विशेष ते मला ठाणं सांगत होतं.

आठवलं मग. २०११ सालचा रास्ता रोको. कापसाच्या भावाचा. मी बातमीसाठी उभा होतो, हातात वही-पेन. पोलिसांनी जमाव गोळा करून गाडीत घातला, त्यात मीही गेलो. जमावबंदीचं उल्लंघन, रस्ता अडवणे, असली किरकोळ कलमं. संध्याकाळी सोडून दिलं, नेत्यांनी हार घातले, मी बातमी दिली आणि विसरून गेलो. कागद मात्र विसरलेला नव्हता.

हा सगळा उपद्व्याप कशासाठी, तर शनिवारी संध्याकाळी दोन तास मुलांना वर्तमानपत्र काढायला शिकवण्यासाठी.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे, जुन्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दीड वर्षापासून मुलामुलींचा एक क्लब चालतो. वय दहा ते सोळा. कबड्डी, पुस्तकं, आकाशदर्शन, थोडं विज्ञान, पावसाळ्यात डोंगर. फी नाही. चालवणारी मंडळी पुण्यात शिकून परत आलेली, तिशीच्या आतली. त्यांच्या समन्वयक ताई एकदा माझ्याकडे आल्या होत्या, बातमी द्या म्हणून. मी बातमी दिली आणि मोठेपणाने म्हणालो, "मलाही कधी बोलवा, मुलांना पत्रकारिता शिकवतो. डिप्लोमा आहे माझा." मला वाटलं होतं, पुढच्या शनिवारी सत्कार करून, नारळ देऊन बसवतील.

ताईंनी सहा पानांचा फॉर्म दिला.

खरं सांगतो, पहिल्यांदा रागच आला. गेल्या दहा वर्षांत कुठं कुठं राहिलात. नातेवाईक नसलेल्या आणि तुमच्यासोबत काम न करणाऱ्या दोन माणसांची नावं द्या, आम्ही त्यांच्याशी बोलू. मुलांसोबत काम का करायचं आहे, स्वतःच्या शब्दांत लिहा. पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र जोडा. एक पूर्ण रविवार प्रशिक्षण. त्यानंतर तीन महिने एकट्याने काही घ्यायचं नाही, आधीच मान्यता मिळालेल्या माणसासोबत बसायचं. आणि दर दोन वर्षांनी हे पुन्हा.

मी म्हणालो, "ताई, मला अख्खा तालुका ओळखतो."

त्या म्हणाल्या, "सर, म्हणूनच विचारावं लागतं."

तेव्हा हे उत्तर मला उद्धट वाटलं होतं. घरी येऊन तावातावानं सांगितलं. बायको भाकरी थापत होती. तिनं हात न थांबवता विचारलं, "आपल्या पोरीच्या क्लासच्या सरांना तुम्ही कधी काय विचारलंय?"

पोरगी बारा वर्षांची. आठवड्यातून चार दिवस संध्याकाळी क्लासला जाते. सरांचं आडनाव मला माहीत होतं, फी माहीत होती, पार्किंग कुठं करायची ते माहीत होतं. संपलं. मी, जो ग्रामसेवकाला टेंडरच्या तारखा विचारून घाम फोडतो, त्यानं स्वतःच्या पोरीच्या बाबतीत एक प्रश्न विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी विचारायला गेलो तर क्लासचे मालक म्हणाले, "काय राव सर, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." अगदी माझंच वाक्य. फक्त मी ते ताईंना मनात म्हणालो होतो.

आता आपल्या गावाचा हिशेब करू. कराटे, डान्स, अबॅकस, ट्यूशन, तालीम, स्केटिंग, उन्हाळी शिबिरं, गणपतीतली नाचाची प्रॅक्टिस रात्री अकरापर्यंत. वर मुलांना स्पर्धेला घेऊन जाणाऱ्या जीपा. या सगळ्यांत मिळून मुलांच्या आजूबाजूला किती मोठी माणसं असतील? आणि त्यातल्या किती जणांना कुणी कधी एक कागद मागितला असेल? मी गेल्या महिन्यात सहज म्हणून आठ ठिकाणी विचारलं. एका ठिकाणी आधार कार्डाची झेरॉक्स घेतात. बाकी सात ठिकाणी 'ओळखीतला माणूस आहे' हे उत्तर.

ओळखीतला माणूस. पोक्सोच्या प्रकरणांची राष्ट्रीय आकडेवारी दरवर्षी येते, आणि दरवर्षी त्यात हेच दिसतं की दहापैकी नऊहून जास्त प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीतलाच असतो. शेजारी, नातेवाईक, शिकवणारा, घरी येणारा-जाणारा. २००७ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं तेरा राज्यांत मोठा अभ्यास केला होता, आपलं महाराष्ट्र त्यात होतं. बारा हजारांवर मुलांशी बोलून काढलेला आकडा ५३.२२ टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या स्वरूपाचा लैंगिक त्रास सांगितला. आणि त्यात मुलगे मुलींपेक्षा थोडे जास्तच होते. हा आकडा मी तेव्हा पान पाचवर चौकटीत लावला होता. लावला आणि चहाला गेलो.

कायद्याचं थोडं सांगतो, कारण फॉर्म भरायच्या निमित्तानं पहिल्यांदा नीट वाचलं. पोक्सो कायदा २०१२ चा, १४ नोव्हेंबरपासून लागू, बालदिनाच्या दिवशी. त्याचं कलम १९ म्हणतं की असा गुन्हा घडल्याचं किंवा घडण्याची भीती असल्याचं ज्याला कळेल त्यानं, म्हणजे कुणीही, पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवलंच पाहिजे. कलम २१ म्हणतं, कळवलं नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाचं झाकलं तर एक वर्षापर्यंत. आणि चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर उलटी केस होत नाही, तेही त्यातच लिहिलंय. हे शेवटचं फार कमी लोकांना माहीत असतं. 'आपल्याला कशाला कोर्टाची पायरी' म्हणून माणसं गप्प बसतात.

मग २०२० चे नियम. त्यात स्पष्ट आहे की शाळा, पाळणाघर, क्रीडा अकादमी किंवा मुलांशी नेहमी संबंध येणारी कुठलीही जागा असेल तर तिथल्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी ठरावीक काळानं झाली पाहिजे, कायमचा असो की कंत्राटी. शब्द मात्र 'कर्मचारी' असा आहे. माझ्यासारखा फुकट येणारा, मोठेपणा मिरवणारा त्या शब्दात बसतो का, यावर वकील मंडळी वाद घालतील. क्लबनं वाद घालत न बसता सगळ्यांनाच लावलं.

बदलापूर तुम्ही विसरला नसाल. ऑगस्ट २०२४. शाळेतला कंत्राटी सफाई कर्मचारी, दोन चिमुरड्या मुली, गुन्हा नोंदवायला लागलेला वेळ, मग रेल्वे स्टेशनवर उतरलेली माणसं. हायकोर्टानं स्वतःहून दखल घेतली. लगेच २१ ऑगस्टला शासन निर्णय निघाला. शाळांत सीसीटीव्ही, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी. आपल्याकडेही तेव्हा मोर्चा निघाला, मीही मेणबत्ती घेऊन होतो. त्यानंतर तालुक्यात तक्रारपेट्या भरपूर लागल्या. एका शाळेतली पेटी मी परवा बघितली, मुख्याध्यापकांच्या खोलीत, त्यांच्या खुर्चीच्या अगदी मागं. त्यात चिठ्ठी कोण टाकणार, तुम्हीच सांगा. आणि हे झालं शाळांचं. शाळा सुटल्यावर पोरं जिथं जातात त्या जागांबद्दल गावात कुणी बोललं नाही. मीही नाही.

तर मी पीआय साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "तुम्हाला कशाला ऑनलाइन वगैरे? लेटरहेडवर लिहून देतो, परिचित आहेत, चारित्र्य चांगलं आहे." पाच मिनिटांचं काम. मोह झाला, खोटं कशाला बोलू. ताईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "नाही सर, ऑनलाइन अर्ज करूनच. कबड्डीवाल्या दादांनी तसंच केलंय." आता त्या पोरानं केलं म्हटल्यावर माझा आवाज बसला. त्याचं सांगतोच.

हा कबड्डी शिकवणारा पोरगा पारधी समाजाचा. चोवीस वर्षांचा, जिल्ह्याच्या संघातून खेळलेला. मुलं त्याच्यावर जीव टाकतात. त्याला जेव्हा सांगितलं की पोलिसांचा दाखला लागेल, तेव्हा तो दोन आठवडे क्लबवर आलाच नाही. शहरातल्या माणसाला यात काय एवढं असं वाटेल. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून ज्या जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं, त्यांची ही पोरं. तो कायदा गेला १९५२ मध्ये. पण आमच्याकडे चोरी झाली की पहिली जीप आजही कुठल्या वस्तीवर जाते, हे मी बावीस वर्षं लिहितोय. त्याच्या आजोबांनी ठाण्यात हजेरी दिलेली. वडलांना दोनदा संशयावरून उचललं, दोन्ही वेळा सोडलं. त्या पोरानं स्वतःच्या पायानं ठाण्यात जाऊन म्हणायचं, माझं चारित्र्य तपासा.

ताईंनी नियम सैल केला नाही. पण त्या त्याच्यासोबत गेल्या. तीन वेळा गेल्या. बाकड्यावर बसल्या. दाखला आला तो कोरा, काहीही प्रलंबित नाही. त्यानं तो लॅमिनेट करून घेतलाय. त्याच्या आईनं घरात आंबेडकरांच्या फोटोखाली लावलाय, असं त्यानं मला सांगितलं. मला हसावं की काय करावं कळेना. त्याचा दाखला कोरा आणि माझ्यावर, अख्ख्या तालुक्याला माहीत असलेल्या माणसावर, केस.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर ही जाहिरात होईल. आकाशदर्शन शिकवणारे एक निवृत्त गुरुजी होते. सदतीस वर्षं नोकरी, गावातल्या तीन पिढ्या त्यांच्या हाताखालून गेल्या. स्वतःच्या पैशानं दुर्बीण आणलेली. फॉर्म हातात दिला तर त्यांनी चष्मा काढून तो दोनदा वाचला, घडी घालून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "या वयात एवढंच राहिलं होतं." परत आले नाहीत. मी दोनदा घरी जाऊन आलो. चहा देतात, विषय बदलतात. क्लबनं एक चांगला माणूस गमावला, यात मला शंका नाही. मुलं अजून विचारतात, गुरुजी कधी येणार. ताईंना याचं वाईट वाटतं, पण गुरुजींना सूट दिली तर पुढच्याला नाही कसं म्हणायचं, हा त्यांचा प्रश्न. माझ्याकडे उत्तर नाही. गुरुजींचा अपमान खरा आहे आणि नियमही बरोबर आहे. दोन्ही एका वेळी.

आता मुद्द्याचं. ज्यासाठी ही पोस्ट लिहायला बसलो आणि जे इतका वेळ टाळतोय.

फॉर्मच्या चौथ्या पानावर एक प्रश्न होता. 'एखाद्या मुलाच्या सुरक्षिततेबद्दल तक्रार किंवा शंका तुमच्या कानावर आली आणि तुम्ही ती पुढे कळवली नाही, असं कधी झालं आहे का?' खाली दोन चौकोन. हो. नाही. आणि चार ओळींची जागा.

बाकी सगळा फॉर्म एका रात्रीत भरून झाला. हा प्रश्न अकरा दिवस तसाच राहिला.

२००८ ची गोष्ट. (तपशील बदललेत. कलम २३ प्रमाणे मुलाची ओळख पटेल असं काही छापता येत नाही, आणि पोस्ट म्हणजेही छापणंच.) मी तेव्हा एका दैनिकाचा तालुका प्रतिनिधी होतो. झेरॉक्सच्या दुकानावर दहा बाय दहाची खोली, ते माझं ऑफिस. दुपारी एक बाई आल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. त्यांचा मुलगा अकरा वर्षांचा, खेळाच्या एका क्लासला जायचा. आता जायचं नाही म्हणतो. का विचारलं तर रडतो. सर त्याला एकट्याला थांबवून घेतात म्हणाला. एवढं सांगून त्या गप्प. मग म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही पेपरवाले आहात. तुम्हीच बघा काहीतरी."

त्या क्लासवर मी तीन महिन्यांपूर्वी अर्धं पान लिहिलं होतं. फोटोसह. 'ग्रामीण भागातून घडणारे खेळाडू.' क्लासची जाहिरातही आमच्याकडे होती.

मी विचारलं, "तक्रार दिली का? लेखी काही आहे का?" त्या म्हणाल्या, "नाही, पोराचं नाव होईल." मी म्हणालो, "ताई, एफआयआर झाल्याशिवाय आम्हाला छापता येत नाही." डिप्लोमाला हेच शिकवलं होतं आणि ते बरोबरच शिकवलं होतं. पुराव्याशिवाय कुणाचं नाव छापायचं नसतं, मी आजही छापणार नाही. पण छापणं एवढंच माझ्या हातात होतं का? ठाण्यातला चहा मी रोज पीत होतो. १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर पानात जागा उरली की मी स्वतः भरायचो. त्या बाईंना तो नंबरसुद्धा लिहून दिला नाही. त्या जिना उतरून गेल्या. मी राहिलेली बातमी पूर्ण केली, बहुतेक नगरपालिकेच्या पाण्याची होती.

तेव्हा पोक्सो नव्हता, कळवायची सक्ती नव्हती, मुलग्यांसाठी तर कायद्यात धड शब्दही नव्हता. ही सगळी कारणं मी या अकरा दिवसांत स्वतःला सांगून पाहिली. वर्षभरानं ते सर क्लास बंद करून दुसऱ्या जिल्ह्यात गेले. दोन-तीन वर्षांनी तिकडच्या आवृत्तीत उन्हाळी शिबिराच्या जाहिरातीत त्यांचा फोटो पाहिला. मध्यभागी ते, दोन्ही बाजूंना मुलं. मी पान उलटलं.

त्या सरांनी काही केलं होतं की नव्हतं, मला आजही माहीत नाही. चौकशी झालीच नाही तर माहीत कसं असणार. पण समजा कुणी तिकडून त्यांच्याबद्दल विचारायला आमच्या ठाण्यात फोन केला असता, तर दाखला कोरा मिळाला असता. माझ्यामुळे कोरा. पोलिसांच्या दाखल्यावर तेवढंच उमटतं जेवढं कुणीतरी जाऊन सांगितलेलं असतं. रास्ता रोको उमटतो. जिना उतरून गेलेली बाई उमटत नाही.

अमेरिकेतल्या बॉय स्काउट्सचं प्रकरण मी तेव्हा वाचत होतो. त्या संस्थेकडे १९२० च्या दशकापासून फायली होत्या, कुठला स्वयंसेवक मुलांसाठी धोक्याचा आहे याच्या. नावानिशी. पण अनेकदा पोलिसांना कळवलं नाही, आईबापांना सांगितलं नाही. २०१२ मध्ये कोर्टाच्या आदेशानं बाराशेवर फायली उघड झाल्या. २०२० मध्ये संस्थेनं दिवाळखोरी जाहीर केली, आणि बयाऐंशी हजारांवर माणसांनी दावे दाखल केले. बयाऐंशी हजार. आमच्या तालुक्याच्या गावाची लोकसंख्या एवढी नाही. त्यांच्याकडे कागद होता आणि तोंड बंद होतं. माझ्याकडे तर कागदही नव्हता.

बाराव्या दिवशी मी 'हो'वर खूण केली. चार ओळींची जागा पुरली नाही, मागच्या कोऱ्या पानावर लिहिलं. फॉर्म देताना हात थरथरत होता म्हटलं तर नाटकी वाटेल, पण मी तो ताईंच्या हातात न देता टेबलावर ठेवून आलो, एवढं खरं.

चार दिवस काही नाही. मग ताईंचा फोन, समितीसमोर येता का. समितीत पाच जण, त्यात दोन पालक. एका आईनं सरळ विचारलं, "आता तशी बाई आली तर काय करणार?" मी कलम १९ सांगायला लागलो. त्या म्हणाल्या, "कायदा नको. तुम्ही काय करणार?" मी म्हणालो, "आधी बसवीन. पाणी देईन. ऐकून घेईन. मुलाला खोदून खोदून विचारणार नाही, ते माझं काम नाही. त्याच दिवशी १०९८ ला किंवा ठाण्यात कळवीन, तुमच्यासोबत येऊ का विचारीन. आणि त्यानंतर बातमीचं बघीन." त्यांनी मान हलवली नाही की काही नाही. वहीत लिहून घेतलं. रास्ता रोकोवर कुणी बोललंच नाही, एका गृहस्थानं फक्त विचारलं की भाव मिळाला होता का शेवटी. नव्हता मिळाला.

मला वाटलं, नाही म्हणतील. म्हटले असते तर बरोबरच होतं. आठवड्यानं मान्यतेचं पत्र आलं, आणि तीन महिन्यांची सोबतीची अट माझ्यासाठी सहा महिने केली. मान्य आहे.

प्रशिक्षणाच्या रविवारचं सगळं सांगत नाही, पण काही गोष्टी आपल्या क्लासवाल्यांनी उचलण्यासारख्या आहेत म्हणून सांगतो. कुठल्याही मुलासोबत बंद खोलीत एकटं मोठं माणूस नाही, कायम दोन. मुलांना खासगी व्हॉट्सॲप मेसेज नाही, जे काय ते पालकांच्या ग्रुपवर. एकट्या मुलाला गाडीवर घरी सोडायचं नाही, पाऊस असला तरी. फोटो पालकांना विचारूनच, आणि फेसबुकवर नाहीच. भेटवस्तू एकाच मुलाला द्यायची नाही. आणि मुलांनाही सांगितलेलं असतं की हे नियम आहेत, मोडणारा कुणीही असो, अगदी पत्रकार काका असले तरी, येऊन सांगायचं. या शेवटच्यावर मुलं भलतीच खूश असतात. पहिल्याच शनिवारी एका मुलीनं मला टोकलं, "काका, दार उघडं ठेवा." वारा येत होता म्हणून लावलं होतं. उघडलं.

गाडीवरचा नियम मला सगळ्यात जड गेला. गेल्या शनिवारी सव्वासात वाजले, सगळे गेले, एक मुलगा राहिला. त्याचे वडील एमआयडीसीत, शिफ्ट लांबली. मुलाचं घर माझ्या वाटेवर. पाच मिनिटांचं काम, पुन्हा तेच. मी किक मारायच्या बेतात होतो आणि कबड्डीवाला दादा पायरीवर बसलेला. तोही घरी जाऊ शकत होता. "बसा की सर," म्हणाला, "येतील." आम्ही तिघं पायरीवर बसलो. मुलानं पुढच्या अंकाचा मथळा वाचून दाखवला, 'आमच्या गल्लीतला नळ आणि नगरसेवक'. चांगला होता, एक शब्द कमी करायला सांगितला. पावणेआठला वडील आले, घाईघाईनं माफी मागायला लागले.

मागच्या आठवड्यात पोरीच्या क्लासच्या मालकांचाही फोन आला. अजून रागात होते, पण त्यांना तो फॉर्म हवा होता. 'फक्त बघायला' म्हणाले. पाठवलाय.

क्लबला अजून चार मोठी माणसं हवी आहेत, त्यात किमान दोन बाया. कविता, सुतारकाम, गाणं, सायकल दुरुस्ती, काहीही येत असेल तर चालेल. आणि दुर्बीण वापरता येणारं कुणी असेल तर आधी कळवा, अर्थात गुरुजी परत आले तर त्यांची जागा त्यांचीच. फॉर्म वाचनालयात खालच्या खिडकीवर मिळतो, सोमवार सोडून, सहा ते आठ. सहा पानं आहेत. चौथं पान सावकाश भरा. ठाण्यात एकटं जायला कुणाला अवघड वाटत असेल तर मला सांगा, मी सोबत येतो. बाकडं ओळखीचं आहे.